तंबोऱ्यातली चरचर

विद्यापीठाच्या परीक्षेला मी एकदा बसलोय. माझं शिक्षण चौथी, आणि चौथीचा निकाल बघायलाही मी गेलो नव्हतो. तरी बसलोय. कॉलेजच्या हॉलमध्ये, सतरंजीवर, पुण्याहून आलेल्या परीक्षकांच्या पुढ्यात, धुतलेला सदरा घालून. परीक्षा माझी नव्हती, बायकोची होती. मी तिच्या मागं बसलो होतो.

बायको गेली त्याला आता चौदा महिने झाले. लोक सांगतात, दिवस गेले की कमी होतं. मला तसं काही दिसलं नाही. इंदिरानगरला मुलीच्या घरी असतो. दुपारी जेवून पडलो की अर्धी झोप, अर्धी जाग अशी अवस्था होते, आणि त्यात ती गाते. चेहरा दिसत नाही. पाठ दिसते. पाठीवर वेणी, वेणीच्या टोकाला काळी फीत, ब्लाउजला हुकाच्या जागी सेफ्टी पिन. मी हाक मारत नाही. मारली तर गाणं थांबेल, एवढं मला झोपेतसुद्धा कळतं.

ती अशी पाठमोरीच का दिसते ते लिहून ठेवतोय. मुलगी म्हणाली, बाबा, बोलता तसंच लिहा. दुसरं येतंय कुठं मला.

आम्ही तांबट. जुन्या नाशकात आमची गल्ली. सकाळी आठला पहिला ठोका पडला की संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली घणघणत असायची. कुजबुज करायची सोयच नाही, त्यामुळं आमच्याकडची भांडणं सगळ्यांना ऐकू जायची आणि लवकर मिटायची. माझं काम मठारायचं. म्हणजे हंडा, घागर, बंब जे काही असेल ते आकाराला आलं की त्याच्यावर गुळगुळीत हातोडीनं एकाला लागून एक ठोके देत जायचं. त्यानं तांबं कडक होतं आणि अंगावर चमकत्या टिकल्या उमटतात. एक ठोका जोरात, एक हळू असं चालत नाही. दिवसाचे हजारो ठोके, सगळे सारखे. सुरुवातीला हात दुखतो, मग हात आपला राहत नाही, आपोआप चालतो, आणि माणूस आत कुठंतरी निघून जातो. दुपारचं ऊन पत्र्याच्या फटीतून तांब्यावर पडायचं, सगळं दुकान लालसर व्हायचं, आणि मी तिथं असून नसायचो. तसलं सुख पुन्हा मिळालं नाही.

भांडं पुरं झालं की टिचकी मारून बघायचं. चांगलं भांडं टण्ण म्हणतं, आवाज सरळ जातो आणि लांब जाऊन विरतो. कुठं केसाएवढी चीर असली, सांध्याचा डाख नीट बसला नसला, तर ते चरचरतं. चरचरलं की भांडं परत भट्टीला. वडिलांनी मला दुसरं काही शिकवलं नाही, एवढं शिकवलं. चरचर म्हणजे खोट.

लग्नाचं बघायला आम्ही सिन्नरला गेलो होतो. मुलगी मॅट्रिक झालेली, वर कॉलेजचं एक वर्ष. आमच्या जातीत तेव्हा एवढी शिकलेली मुलगी म्हणजे लोक जरा लांबूनच बघायचे. सगळी वडीलधारी बसलेली असताना ती म्हणाली, "कॉलेज पुरं करू देणार असाल तर माझं हो आहे." माझ्या आईनं हातातली कपबशी खाली ठेवली. तिच्या वडिलांनी जमिनीकडं बघितलं. मी म्हटलं, "करू दे की." शिक्षणाचं कौतुक वगैरे काही नव्हतं मला. मला ती आवडली होती, बास.

तर तिनं बी.ए.ला विषय घेतला संगीत.

आई म्हणाली, "गाणं शिकायला कॉलेज कशाला लागतं? आमच्या भजनातल्या बायका कुठं गेल्या होत्या कॉलेजात?"

"आई, त्यातली एक तरी सुरात गाते का?" ती म्हणाली.

आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भजनाला निघाली तेव्हा दारातून म्हणाली, "चल सूनबाई, दाखव तुझा सूर." ही गेली. परत आल्या तेव्हा दोघी हसत होत्या. काय झालं ते मला कधी कोणी सांगितलं नाही.

रियाज करायचा तर आठच्या आत, नाहीतर ठोक्यांत तिचा आवाज तिलाही ऐकू यायचा नाही. सहाला उठून बसायची. आमची खोली माडीवर होती. गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदेवरून, गार हवा यायची, खाली कुणीतरी कोळसे पेटवायला घातलेले असायचे, त्याचा धूर खिडकीशी येऊन रेंगाळायचा. त्यात ती एकच सूर धरून बसायची. मी अंथरुणात डोळे मिटून पडलेला. तो सूर खोलीत पाण्यासारखा चढायचा, गादीपर्यंत, उशीपर्यंत. मला काही कळायचं नाही, पण उठावंसं वाटायचं नाही. मग आठ वाजायचे आणि समोरच्या काकांचा पहिला ठोका पडायचा. गाणं तिथंच बुडायचं.

पुढं पुढं माझ्या ध्यानात आलं, काकांचा ठोका सव्वाआठला पडायला लागलाय. कोणी कोणाला काही म्हटलं नव्हतं. पुढं साडेआठला. गल्लीत कुणी हा विषयच काढला नाही.

संध्याकाळी ती मला कॉलेजातलं सांगायची. मी समजायचो गाणं म्हणजे गळा. तर तिला पुस्तकं होती, लेखी पेपर होते, सूर कसा तयार होतो, हवेतून कसा जातो, जुन्या काळी वाद्यं कशी होती, हे सगळं लिहायला लागायचं. मी म्हणायचो, "गाणं लिहून काढल्यावर मार्क देतात? मग आम्हाला हंडा लिहून काढल्यावर का देत नाहीत?" ती म्हणायची, "काढा लिहून. मी तपासते." मी काही लिहिलं नाही. तेव्हा लिहायला हवं होतं.

शेवटच्या वर्षाला मुलगी झाली आणि तिची परीक्षा हुकली. वडील नव्हते, घरात आईचा शब्द. आई म्हणाली, "अजून एक वर्ष देऊ. त्यात झाली पास तर झाली. नाही झाली तर गाणं-बिणं बंद, पोर सांभाळायची." बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बरोबर आहे आईचं." त्या वेळी मला ते न्यायाचं वाटलं. आज वाटत नाही, पण आज वाटून काय उपयोग.

लेखी पेपर झाले की गाण्याची तोंडी परीक्षा. परीक्षकांसमोर बसून गायचं आणि ते विचारतील त्याची उत्तरं द्यायची. त्याचे मार्क सगळ्यात जास्त. घरी सराव व्हावा म्हणून तिच्या बाईंनी कॉलेजचा एक जुना तंबोरा दोन आठवडे तिला दिला, सही घेऊन. टांग्यातून आणला आम्ही. मी मागं धरून बसलो होतो, ती सारखी म्हणत होती, "हळू, भोपळा आहे तो." मी म्हटलं, "आमच्याकडं भोपळ्याची भाजी करतात." तिला हसू आलं नाही. तेव्हा मला कळलं की हिला भीती वाटतेय.

तंबोरा वाजवत गाणं तिला जमायचं, पण बाई म्हणाल्या होत्या, सरावाला दुसरं कोणी तार छेडली तर गळ्याकडं नीट लक्ष राहतं. दुसरं कोण? मी. तिनं शिकवलं. चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, आणि चौथी खरजाची, सगळ्यात जाड, पितळेची. मी म्हटलं, "पितळेची? म्हणजे ही आपल्यातली." पहिली तार मधल्या बोटानं, बाकीच्या तिन्ही त्याच्या शेजारच्या बोटानं. "ठोका देऊ नका," ती म्हणायची, "ओता. कळशीतून पाणी ओतल्यासारखं." दोन दिवस चुकलो. तिसऱ्या दिवशी हात आपोआप चालायला लागला, मठारताना चालायचा तसा, आणि मी पुन्हा आत कुठंतरी निघून गेलो. पुढं तिची पाठ. तिच्या श्वासाबरोबर पाठ वर व्हायची, थांबायची, आणि मग सूर यायचा. सुराच्या आधी मला तो पाठीवर दिसायचा.

सगळं छान होतं, पण तो तंबोरा चरचरायचा.

तार छेडली की टण्ण करून सरळ आवाज यायला पाहिजे, तर हा झणझणायचा. चिरलेल्या घागरीसारखा. मी वाकून बघितलं. खाली भोपळ्यावर लाकडाची घोडी, तिच्यावर हाडाची पट्टी, त्या पट्टीवर तारा टेकलेल्या. पट्टीवर तारांच्या खाचा पडलेल्या, पट्टी जरा वाकडी, मागं उतरती झालेली. आणि प्रत्येक तारेखाली कुणीतरी सुताच्या दोऱ्याचा तुकडा खुपसून ठेवलेला. माझी खात्रीच पटली. गळक्या भांड्याला लोक चिंधी कोंबतात तसं हे कॉलेजवाल्यांनी दोऱ्यावर चालवलंय. ही बिचारी बाईंच्या भीतीनं बोलत नाही. परीक्षेत असला चरचरणारा तंबोरा घेऊन बसली तर परीक्षक काय म्हणतील?

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी तिचा शेवटचा लेखी पेपर होता. ती गेली. आई मुलीला घेऊन खाली बसली होती. मी तारा ढिल्या केल्या, दोरे काढून टाकले, बारीक कानस घेतली आणि ती हाडाची पट्टी घासून सपाट केली. एकदम एका पातळीत. वर पॉलिशचा कागद मारला. आरशासारखी झाली. इतक्या प्रेमानं मी कधी काही घासलं नसेल, देवाचं भांडंसुद्धा नाही. तारा ताणल्या. छेडली. टण्ण. चरचर गायब.

ती दीड वाजता आली. मी तिला पदरानं घामही पुसू दिला नाही, तिथंच बसवलं. म्हटलं, "वाजव."

तिनं पंचमाची तार छेडली. मग जोडीची. मग तारांवर तळवा ठेवला.

"दोरे कुठं आहेत?"

"टाकले. कचरा होता."

"आणि घोडी?"

"घासली. बघ, कशी झालीय."

आई खालून वर आली होती. म्हणाली, "आता कसा स्वच्छ वाजतोय. आधी मेला कण्हायचा."

 बायको रडली असती, ओरडली असती तर मी ओरडलो असतो, मला ते येत होतं. तिनं मला समजावून सांगितलं, लहान पोराला सांगतात तसं. ती चरचर म्हणजे खोट नव्हती. तिला जवारी म्हणतात. तार हाडाला जराशी घासत राहते म्हणून एका सुरातून बाकीचे सूर उठतात, आणि त्या सुरांच्या आधारानं गाणारा गातो. हाडाचा तो उतार कारागीर दोन-दोन दिवस बसून काढतात. दोरा त्यासाठीच. "आता हा बोलत नाही," ती म्हणाली. "याच्यावर मला सूर सापडायचा नाही."

"दुसरा तंबोरा?"

"बाकीचे उद्या सगळे परीक्षेला लागलेत. पोरी जास्त, तंबोरे कमी. म्हणून तर हा जुना मला मिळाला."

मी तंबोरा उचलला आणि निघालो.

भद्रकालीच्या मागं एका बोळात एक म्हातारे मुसलमान कारागीर बसायचे. पेट्या, सतारी, तंबोरे दुरुस्त करायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी तंबोरा पुढ्यात ठेवला. त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला आणि थांबले.

"ये किसने किया?"

"मी."

"बाजे से कोई दुश्मनी थी?"

"नाही. बायकोची परीक्षा आहे उद्या."

"अच्छा. तो बीवी से दुश्मनी थी."

मी मान खाली घातली. मी तांबट आहे, चरचर ऐकून मला चीर वाटली, असं सगळं सांगितलं. म्हातारा इतका हसला की त्याला खोकला लागला. मग म्हणाला, "चरचर सुनी, और मार डाली. अरे, वही तो जान थी उसकी." आणि म्हणाला, आता त्याला हे काम होत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू, हात कापतो. उतार केसाएवढा काढायचा असतो, हात कापला की गेला.

मी उठलो नाही. उठून जाणार कुठं?

तो बराच वेळ माझ्या हातांकडं बघत होता, म्हणजे बघतोय असं वाटत होतं. मग माझा हात हातात घेतला, बोटं चाचपली. "ठोका मारतोस ना दिवसभर? सारखा पडतो?"

"सारखा पडतो."

"बैठ," तो म्हणाला. "हाथ तेरा, कान मेरा."

ती दुपार मला अजून पाण्याखालून बघितल्यासारखी दिसते. त्यानं एका तारेनं सुरुवात केली. मी कानस एकदा फिरवायची, धूळ पुसायची, तार बसवायची, छेडायची. त्यानं डोकं भोपळ्याला टेकवलेलं. "और." पुन्हा तार काढायची, एकदा फिरवायची. "और." "जरा पीछे." "नहीं, इतना नहीं." बाहेर कुणी बोलत होतं, सायकली जात होत्या, आम्हाला दोघांना ते काही नव्हतंच. आयुष्यभर मी सपाट करत आलो होतो, आणि हा मला उतार शिकवत होता. म्हणाला, घागर करतोस तेव्हा तिला तोंड ठेवतोस ना? तसंच तारेला जरा मोकळं ठेवायचं. पुरी टेकली तर मुकी होते, पुरी सुटली तरी मुकी होते.

मग त्यानं सुताचा तुकडा तारेखाली घातला आणि नखानं सरकवायला सांगितला. सरकवत सरकवत एका जागी आला, आणि तार उघडली. मला दुसरा शब्द येत नाही. एका तारेतून आणखी तारा बोलायला लागल्या, बारीक, वर कुठंतरी, छताशी. तीच चरचर. सकाळी मी जी घासून टाकली होती तीच, पण आता मला ती खोट वाटत नव्हती. माझ्या अंगावर काटा आला. म्हाताऱ्यानं डोकं उचललं नाही. नुसतं म्हणाला, "सुना?"

पंचम झाली, जोडीच्या दोन्ही झाल्या. खरजाची राहिली. ती जाड, तिचा उतार वेगळा. तेवढ्यात मशिदीतून बांग झाली. त्यानं माझ्या हातातली कानस काढून घेतली आणि आपल्या बैठकीखाली ठेवली.

"चाचा, एकच तार राहिलीय."

"तेरा हाथ थक गया. थका हाथ जादा घिसता है."

"उद्या अकराला परीक्षा आहे."

"तो तीन पे गाएगी. मरेगी नहीं."

काम अर्धं ठेवून ऊठ, असं मला जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. मी चिडून खरजाची तार बोटानं उडवली, ती भद्द वाजली. पुन्हा छेडली, बोटाच्या कडेनं, मऊ मांसानं, जरा वरच्या अंगाला. ती काहीतरी पुटपुटली. चाचा दारातून मागं वळला. "हां. ऐसे बोलती है थोड़ा. बूढ़ी हो गई, जोर से मत बुला." पैसे घेतले नाहीत. तोंड-हात धुवायचा तोटीचा लोटा होता त्याचा, तेवढा कल्हई करून दे म्हणाला.

घरी आलो तेव्हा बायको मुलीला भरवत होती. हात धुऊन आली, एक एक तार छेडली. खरजावर थांबली.

"तीन पास झाल्या," ती म्हणाली. "जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या व्हरांड्यात मी पाण्याच्या टाकीशी उभा होतो. नवरे कोणी आले नव्हते, मीच एकटा. मुली आत जात होत्या, पंधरा-वीस मिनिटांनी लालबुंद होऊन बाहेर येत होत्या. तिचा नंबर यायच्या आधी शेजारच्या खोलीत तिच्या मागं तंबोऱ्यावर बसायचं ठरलेल्या वर्गातल्या एका मुलीनं तो छेडून बघितला. खरज लाकडी खोक्यावर काठी मारल्यासारखा वाजला. त्या पोरीनं दोनदा प्रयत्न केला आणि घाबरून हात काढला.

बायको बाहेर आली. "चला."

"कुठं?"

"आत. तंबोऱ्यावर बसा."

"अगं, मी काय विद्यार्थी आहे का?"

"गाणारा विद्यार्थी पाहिजे. मागं कोण बसावं असं कुठं लिहिलेलं नाही. बाईंना विचारलंय मी."

"माझे हात बघ."

"हातच पाहिजेत."

हॉल मोठा, थंड. उंच खिडक्या, बाहेर गुलमोहर. परीक्षक म्हातारे होते, धोतर, जाड चष्मा. शेजारी तिच्या बाई. परीक्षकांनी माझ्याकडं बघितलं, माझी काळी नखं बघितली.

"आपण कोणत्या वर्षाला?"

"मी चौथीला होतो, साहेब. तिथंच थांबलो."

बाईंनी तोंडाला रुमाल लावला. बायको म्हणाली, "माझे यजमान आहेत. तंबोऱ्याचा खरज नीट बोलत नाही, तो यांनाच वाजवता येतो."

"का बोलत नाही?"

ती थापही मारू शकली असती. जुना आहे म्हणाली असती तर कोण विचारणार होतं? म्हणाली, "यांनी घोडी घासली. चरचर वाटली म्हणून. मग काल यांनीच तीन तारांची जवारी काढली."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "जवारी म्हणजे काय, ते सांगा," ते तिला म्हणाले. परीक्षा सुरू झाली होती. तिनं पुस्तकातलं सांगितलं, सगळं, भराभर. ते ऐकत होते. मग एकदम माझ्याकडं वळले. "आणि तुम्ही काय म्हणता?"

 म्हटलं, "साहेब, आमच्यात भांडं चरचरलं तर टाकून देतात. हे चरचरलं नाही तर टाकून देतात. मला कालपर्यंत माहीत नव्हतं."

ते हसले नाहीत. कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला आजवर माहीत नाही.

तिनं सारंग धरला, दुपारचा राग. मी ओतायला लागलो. पंचम, जोड, जोड, आणि खरज हळूच, बोटाच्या कडेनं. तो इतका बारीक बोलत होता की समोर बसलेल्यांना ऐकू येत नसणार. तिला तो पाहिजे होता. त्याच्यावरच तर सगळं उभं राहतं. आणि मी बघितलं, दर वेळी खरजाची पाळी आली की ती मागं झुकतेय. पहिल्यांदा बोटभर. मग चार बोटं. तिचं डोकं माझ्याकडं यायचं, ती तो सूर ऐकून घ्यायची, आणि मग पुढं जाऊन गायची. मी थांबायला लागलो. तिला मागं यायला आणि पुन्हा पुढं जायला वेळ मिळावा म्हणून खरजानंतर जरा थांबायचं, मग पंचम. कोणी शिकवलं नव्हतं. हाताला कळलं.

ती किती वेळ गायली ते मला सांगता यायचं नाही. गुलमोहराची सावली खिडकीतून सतरंजीवर आली, तिच्या पाठीवरून हलत हलत गेली. हॉल, परीक्षक, बाई सगळे पुसट झाले. एक पाठ होती आणि चार तारा. मला मध्येच वाटलं, गल्लीत अजून कुणाचाच ठोका पडलेला नाही आणि आता पडणारही नाही. आईला काय सांगायचं, पास की नापास, ते त्या वेळी माझ्या मनात नव्हतं. तिच्याही नसावं. थांबली तेव्हा ती मागं झुकलेलीच होती, तिची वेणी माझ्या गुडघ्याला लागली होती.

परीक्षक म्हणाले, "पुढचा नंबर पाठवा."

निकाल लागला. सेकंड क्लास. गाण्याच्या परीक्षेत बरे मार्क होते. आईनं गल्लीत पेढे वाटले आणि दारोदार सांगितलं, "त्यातले थोडे आमच्या मुलाचे आहेत हो." गाणं बंद करायचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. भजनाला हिलाच पेटीवर बसवायला लागली. चाचाचा लोटा मी कल्हई करून नेऊन दिला.

पुढं ती मुलींच्या शाळेत गाणं शिकवायला लागली. ऐंशीनंतर कधीतरी कॉलेजनं जुनी वाद्यं काढून टाकली, तेव्हा तिनं तो तंबोरा मागून घरी आणला. चाचा तोपर्यंत गेले होते. स्टीलची भांडी आली, गल्लीतले ठोके कमी झाले, माझ्याकडं वेळ होता. मी म्हटलं, "आण, खरजाची जवारी काढतो. आता मला येते."

"नको," ती म्हणाली.

"अगं, मुका आहे तो."

"असू दे. त्याला ऐकायला मला मागं यावं लागतं."

मी पुन्हा विचारलं नाही. आमच्यात असलं बोलायची पद्धत नव्हती. तेवढं एकदा बोलली, तेही तंबोऱ्याच्या गवसणीची नाडी बांधताना, माझ्याकडं न बघता. नंतर इतकी वर्षं ती त्याच तंबोऱ्यावर गायली, मी मागं बसून तारा छेडल्या. तिचं गाणं समोरून कसं दिसतं ते तिच्या शाळेतल्या पोरींना माहीत. मला नाही. म्हणून दुपारी ती येते तेव्हा तशीच येते.

मागच्या महिन्यात मुलगी म्हणाली, "बाबा, कुणाला तरी बोलावून ती तार नीट करून घेऊ का?" मी कानस काढून ठेवली होती, हे तिला माहीत नव्हतं. माझा हात अजून कापत नाही. पट्टीवर कानस टेकवलीसुद्धा होती. मग डब्यात परत टाकली.

आता दुपारी जाग आली की तंबोरा घेऊन बसतो. पुढ्यात सतरंजी रिकामी ठेवतो, तिथं कुणी बसलं तर उठवतो, मग घरातले काही का म्हणेनात. पंचम. जोड, जोड. खरज हळूच, बोटाच्या कडेनं. मग थांबतो. तिला मागं येऊन पुढं जायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा.